पाठीवरचे ते प्रेत कोणाचे?

विक्रम-वेताळाची गोष्ट ठाऊक नाही, असे घर आपल्यात विरळाच. ‘चांदोबा’ मासिकातले चित्रकार शंकर यांचे चित्र आठवा : हाती तलवार घेतलेला राजा आणि त्याच्या पाठीवर वेताळ. १९८५ साली हीच जोडी दूरदर्शनवर आली. राजाची हुशारी, वेताळाचे प्रश्न सर्वांना पाठ. पण वेताळ ज्या प्रेतात शिरून बोलतो ते कोणाचे, हे कोणी विचारीत नाही.

हिंदी ‘बैताल पचीसी’त त्याचे उत्तर आहे. एकाच नगरात, एकाच नक्षत्रावर, एकाच मुहूर्ताला तिघे जन्मले. एक राजाघरी, दुसरा तेल्याघरी, तिसरा कुंभाराघरी. कुंभाराघरचा योगी झाला. त्याने तेल्याला ठार मारून मसणातल्या झाडाला उलटे टांगले. राजाचाही बळी देण्याचा त्याचा बेत होता. राजा वाचला. तेल्याला गोष्टीत साधे नावसुद्धा नाही!

मुहूर्त एकच, मग एक सिंहासनावर आणि एक झाडाला का? पत्रिका पाहून मुलामुलींची लग्ने ठरविणाऱ्यांनी यावर विचार करावा.

कष्टकऱ्याचे नाव गळणे गोष्टीतच घडते असे नाही. आमच्या श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. गोविंद नावाच्या चांभारावरून ते पडले, असे सांगतात. पुढे ‘चांभार’ गेले, ‘श्री’ आले.

म्हणून मायबापहो, मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. पण सांगताना त्या तेल्याला एक नाव द्या.