डोंगराला फूटपट्टी कशी लावायची?

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडहून दक्षिणेला धारूरच्या वाटेने निघालं, की बालाघाटाचे डोंगर लागतात. वाळलेलं गवत, उघडा खडक आणि चरणारी मेंढरं. आता सांगा पाहू, या डोंगराची उंची कशी मोजाल? शेंड्यावरून टेप तर सोडता येत नाही!

उत्तर त्रिकोणात आहे. एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन मोजले, की बाकीच्या बाजू गणितानं निघतात. त्यातलीच एक बाजू घेऊन पुढचा त्रिकोण मांडायचा. असे त्रिकोण जोडत सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टन 1802 मध्ये मद्रासहून निघाले. पहिली बाजू मात्र साखळीनं जमिनीवरच मोजावी लागली. सुमारे 12 किलोमीटरला 57 दिवस लागले! कोन मोजायचं थिओडोलाइट यंत्र जवळजवळ अर्धा टन वजनाचं. ते मजुरांनी टेकड्या-टेकड्यांवर चढवलं. 1815 मध्ये बीदरजवळ पुन्हा एक बाजू जमिनीवर मोजली, म्हणजे आधीचं गणित बरोबर आहे का ते कळतं. 1823 मध्ये, हे काम चालू असतानाच, लॅम्ब्टन हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथंच आहे.

शिखराचं अंतर कळलं आणि तिकडे पाहताना नजर किती वर उचलावी लागते तो कोन मोजला, की उंचीही निघते. पण ती सपाट कागदावर दाखवायची कशी? परातीत एक ओबडधोबड दगड ठेवा. बोटभर पाणी ओता, पाण्याच्या कडेनं खडूची रेघ ओढा. आणखी बोटभर ओता, पुन्हा रेघ. आता वरून पाहा. याच झाल्या समोच्च रेषा! जवळजवळ आल्या तर चढ उभा, लांब लांब असल्या तर जमीन सपाट.

भारतीय सर्वेक्षण खात्यानं देशाचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिलेत. दिंद्रुड 56 क्रमांकाच्या चौकोनात येतं. त्याचे आणखी बारीक भाग करून 1:50,000 प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे बनतात. त्यात 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. समोच्च रेषा तपकिरी, शेती पिवळी, बारमाही पाणी निळं आणि कोरडे पडणारे ओढे काळे.

बीडसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात हा काळा-निळा फरक फार मोलाचा. पाणी कुठून उतरतं आणि बंधारा कुठं घालता येईल, याचा पहिला अंदाज इथंच येतो. तेव्हा भूगोलाच्या बाईंना किंवा सरांना आपल्या भागाचा स्थलदर्शक नकाशा मागा. गावाजवळचा ओढा शोधा, तो काळा आहे की निळा ते पाहा, आणि मग प्रत्यक्ष जाऊन नकाशा खरा आहे का ते तपासा!