नसबंदी : ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटांचे, काळजी तीन महिन्यांची

मंगळवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात नसबंदीविषयी विचारायला येणारा पुरुष सहसा रात्री साडेआठनंतर, बाकीचे पेशंट गेल्यावर येतो. आधी सर्दीचे औषध मागतो, मग पाठदुखी सांगतो, आणि उठता उठता दारातून विचारतो, "डॉक्टर, ते ऑपरेशन केलं की माणसाची ताकद जाते म्हणत्यात, खरं काय?" बायकोच्या ऑपरेशनची चौकशी करायला मात्र हाच गृहस्थ भर सकाळी, सासूबाईंना बरोबर घेऊन येतो. दारातल्या दारात या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून आज येथे थोडे सविस्तर लिहीत आहे.

घोटाळ्याची सुरुवात शब्दापासूनच होते. 'नस' म्हटले की आपल्याला रक्ताची शीर आठवते. ती बांधली म्हणजे पुढचे सगळेच बंद, असा समज होतो. प्रत्यक्षात या ऑपरेशनात रक्ताची शीर बांधून टाकत नाहीत आणि संवेदना नेणारा मज्जातंतूही कापत नाहीत. वृषणात तयार झालेले शुक्रजंतू वर वाहून नेणारी एक बारीक नळी दोन्ही बाजूंना असते, तिला शुक्रवाहिनी म्हणतात. वृषणाच्या पिशवीच्या वरच्या भागात चिमटीत धरली तर ती ताणलेल्या सुतळीसारखी कडक लागते. ही नळी दोन्हीकडे कापून तिची टोके बांधायची, एवढेच ते ऑपरेशन.

ताकदीचे म्हणाल तर पुरुषाला पुरुषपण देणारे टेस्टोस्टेरॉन नावाचे द्रव्य वृषणातच तयार होते हे खरे, पण ते थेट रक्तात मिसळते. त्याचा रस्ता शुक्रवाहिनीतून नाही. त्यामुळे दाढी-मिशा, आवाज, दंडाचे स्नायू, कामेच्छा यांपैकी कशालाही या ऑपरेशनाने धक्का लागत नाही. वीर्यसुद्धा पूर्वीसारखेच येते, कारण त्यातला फार मोठा भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींत तयार होतो. शुक्रजंतूंचा वाटा शंभरात दोन ते पाच भागांचा. तेवढा कमी झालेला कोणाला कळतही नाही. शुक्रजंतू पुढेही तयार होत राहतात आणि जिथल्या तिथे शरीरात शोषले जातात, साठून राहत नाहीत. हृदयविकार किंवा पक्षाघात यामुळे होतो याला पुरावा नाही.

ज्या पेठेच्या शेजारी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेले खासबाग मैदान आहे, तेथे हा प्रश्न वारंवार यावा यात नवल नाही. वीर्य म्हणजेच बळ, असे तालमीत ऐकत आलेल्या माणसाला चार ओळींत पटणार नाही हेही मला ठाऊक आहे. त्याला मी एवढेच सांगतो, की बळ मांसात, खुराकात आणि मेहनतीत आहे, आणि या ऑपरेशनात त्यांपैकी काहीच कापले जात नाही.

भीतीला दुसरेही एक कारण आहे आणि ते खोटे नाही. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६२ लाख पुरुषांच्या होत्या. अनेक ठिकाणी सक्ती झाली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, इतकेच. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हा विषय समजुतीने पटवण्याचा प्रयत्न केला, तिथे कायद्याचा बडगा उगारला जावा हे दुर्दैवच. त्या काळात जे मन विटले ते आजवर सावरलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी (१५ ते ४९ वर्षे) ३७.९ टक्के स्त्रियांचे ऑपरेशन झालेले होते. नवऱ्याने नसबंदी केली असे सांगणाऱ्या ०.३ टक्के. म्हणजे सव्वाशे बायकांमागे एक पुरुष! बाळंतपण तिचे, सिझेरियन तिचे, आणि नंतरचे ऑपरेशनही तिचेच. वास्तविक स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या आत जावे लागते. पुरुषाची शस्त्रक्रिया कातडीखालीच आटोपते आणि तिचा धोका कितीतरी कमी आहे.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. चीनमधील डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ साली बिनटाक्याची पद्धत शोधून काढली, तीच आता आपल्याकडे रूढ आहे. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देतात, ते मुंगी चावल्यासारखे दुखते. मग टोकदार चिमट्याने कातडीला छोटे छिद्र पाडून दोन्ही शुक्रवाहिन्या त्यातूनच बाहेर घेतात, कापून बांधतात आणि आत सोडतात. टाका पडत नाही. दहा-पंधरा मिनिटांचे काम. अर्ध्या तासाने माणूस चालत घरी जातो, मात्र गाडी चालवायला बरोबर कोणीतरी असावे. आदल्या दिवशी केस कापून, सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ करून, हलके खाऊन जावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, मधुमेह असेल, अंतर्गळ किंवा अंडवृद्धी असेल, त्या जागी खरूज-नायटा असेल, तर ते आधीच सांगावे. लाजून लपवू नये.

सरकारी नियमांप्रमाणे पुरुष विवाहित आणि साठ वर्षांच्या आतला असावा, निदान एक मूल वर्षाहून मोठे असावे, आणि पती-पत्नींपैकी कोणाचेही हे ऑपरेशन आधी झालेले नसावे. संमतीची सही त्याची स्वतःची लागते, पत्नीची सही कायद्याने आवश्यक नाही. तरी तिच्याशी न बोलता हे परस्पर उरकणारा गृहस्थ मला शहाणा वाटत नाही.

कारण हा निर्णय कायमचा आहे. "पुढे लागलं तर जोडून घेऊ," असे कोणी म्हणाले की मी त्याला परत पाठवतो. कापलेली नळी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जोडता येते, पण ते ऑपरेशन मोठे, खर्चाचे आणि बेभरवशाचे असते. मधे जितकी वर्षे जातात तितकी मूल होण्याची आशा कमी होते. घरात भांडण चालू असताना, धाकटे मूल आजारी असताना किंवा कोणाच्या आग्रहावरून हा निर्णय घेऊ नये.

ऑपरेशननंतर दोन दिवस घरी आराम आणि वृषणांना आधार लागतो. घट्ट चड्डी चालते, पण खरे सांगायचे तर आपल्या पैलवानाच्या लंगोटाइतका चांगला आधार दुसरा नाही (फार आवळू मात्र नये). पहिला दिवस ती जागा कोरडी ठेवावी. थोडी सूज, काळेनिळेपणा, ओढल्यासारखे दुखणे हे आठवडाभर चालते. सूज लिंबावरून मोसंबीएवढी होत चालली, ताप आला, पू किंवा रक्त येऊ लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. शंभरात एखाद-दोघांना मात्र वृषणात दीर्घकाळ त्रासदायक दुखणे राहते. हे प्रमाण थोडे असले तरी ते आधी माहीत असणे हा पेशंटचा हक्क आहे.

एवढे सगळे नीट पाळणारी माणसेही एका ठिकाणी चुकतात, आणि त्या चुकीची किंमत भलतेच कोणी देते.

नळी कापली त्या दिवशी तिच्या पुढच्या भागात आणि वीर्यकोशाच्या आसपास आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतातच. टाकीचा कॉक बंद केला तरी पाइपात भरलेले पाणी नळाला येत राहते, तसेच हे. ते पूर्ण निघून जायला साधारण तीन महिने लागतात. तोपर्यंत पुरुष मूल देऊ शकतो. म्हणून दुखणे थांबल्यावर संबंध ठेवायला हरकत नसली, तरी तीन महिने निरोध वापरायचा, आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्यायचे. रिपोर्टमध्ये एकही शुक्रजंतू नाही असे आले म्हणजे नसबंदी झाली. ऑपरेशन टेबलावरून उतरल्यावर नव्हे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपे आले. दोघे आले म्हणणेही बरोबर नाही. आधी एकटा नवरा आला, आणि खुर्चीत बसल्यावर बराच वेळ काही बोलेना. दुसऱ्या गावी त्याचे ऑपरेशन झाले होते, तेथे तपासणीचे कोणी सांगितले नव्हते, की सांगितलेले त्याने ऐकले नव्हते, कोण जाणे. ऑपरेशननंतर दुसऱ्या महिन्यात बायकोची पाळी चुकली. घरात कोणी तोंडाने काही म्हणाले नाही, पण तिला माहेरी पोचवण्यात आले, आणि तेथे ती सात आठवडे होती. दिवस भरत होते, वर डोके वर काढायची सोय नव्हती. मी त्याला काही न बोलता वीर्य तपासायला पाठवले. संध्याकाळी रिपोर्ट आला : शुक्रजंतू भरपूर, आणि हलणारे. तो कागद वाचताना त्या माणसाचा चेहरा जसा झाला तसा मी क्वचितच पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला. ती माझ्याशी बोलली, त्याच्याशी बोलली नाही. पुढे त्यांनी गरोदरपणाचे काय करायचे ठरवले हा त्यांचा खाजगी प्रश्न (साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ काढून घेण्याची मुभा गर्भपाताच्या कायद्यात आहे, हे येथे सांगून ठेवतो). पण तिचे ते सात आठवडे कोणी परत दिले नाहीत. तपासणीचा खर्च किती, तर दोन वेळच्या चहा-मिसळीचा.

नमुना द्यायला लाजू नये. तपासणी केंद्रातूनच रुंद तोंडाची स्वच्छ बाटली घ्यावी. निरोधमध्ये घेतलेला नमुना चालत नाही. नमुना तासाभरात पोचवावा. गल्लीतल्या केंद्रात ओळखीचा पोरगा बसतो म्हणून अडत असेल, तर राजारामपुरीत जा, पण जा. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू दिसले तर घाबरायचे कारण नाही. निरोध चालू ठेवून दर महिन्याला पुन्हा तपासावे. सहा महिन्यांनंतरही ते राहिले तर ऑपरेशन पुन्हा करावे लागते. निरंक रिपोर्ट आल्यावर रुग्णालयाकडून प्रमाणपत्र मिळते, ते रेशन कार्डासारखे जपून ठेवावे. त्यानंतरही नळी आपोआप जुळून आल्याची उदाहरणे आहेत, साधारण दोन हजारांत एक. तेव्हा वर्षांनंतर पाळी चुकली तरी पहिली तपासणी नवऱ्याची करावी, चारित्र्याची नव्हे. आणखी एक गोष्ट, नसबंदीने एड्स किंवा गुप्तरोग टळत नाहीत.

पूर्वीसारखी मांडव घालून शिबिरे आता होत नाहीत. देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ती तीन वर्षांत थांबवण्यास सांगितले. आता ठरलेल्या दिवशी सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन विनामूल्य होते आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही मिळते. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आपल्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, चौकशी करावी. २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. नेमकी तेव्हा आपल्याकडे गुऱ्हाळे आणि साखर कारखाने सुरू झालेले असतात, आणि ऊसतोडीतून कोणाला दोन दिवस मिळत नाहीत. तेव्हा पंधरवड्याची वाट पाहायलाच हवी असे नाही. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याने शुक्रवारी ऑपरेशन करून घेतले तर सोमवारी दुकान उघडता येते. फौंड्रीत, गुऱ्हाळावर वजन उचलणाऱ्याने किंवा दिवसभर सायकल मारणाऱ्याने पुढचा सोमवार धरावा. कुस्ती आणि फुटबॉल मी तीन आठवडे बंद ठेवायला सांगतो.