‘सगळं थोडं थोडं’ शिकवणारी पदवी

अमेरिकेत असलेल्या नातेवाइकांचा मुलगा कम्युनिटी कॉलेजात ‘इंटरडिसिप्लिनरी स्टडीज’ घेतो, तेव्हा पालक आम्हाला विचारतात, “सर, हे नेमकं काय?” कॅलिफोर्नियात या दोन वर्षांच्या पदवीला 60 युनिट लागतात; त्यातले किमान 18 एका विषयगटातले, म्हणजे मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास असे मिळून. फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी, बेशक. पण मेख पुढे आहे. इंजिनिअरिंगला जायचं असेल आणि इथे गणित, फिजिक्स टाळलं, तर पदवी हातात असूनही ते विषय पुन्हा करावे लागतात, वेळ-पैसा जातो तो वेगळाच. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला काउन्सेलरला भेटायला सांगा. कोणता कोर्स कुठल्या विद्यापीठात धरतात, ते ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर फुकट दिसतं.