नादारीचा अर्ज: काय जातं, काय राहतं

गोसीखुर्दच्या कर्जबाजारी शेतकऱ्याला २०१६ ची नादारी संहिता कामी येत नाही. तिचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. त्याला १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयातच जावं लागतं. घरदार, बैल सगळंच जाईल, ही भीती मात्र खरी नाही. शेतकऱ्याचं राहतं घर, नांगर-वखर, गरजेपुरते बैल, बियाणं, गहाण नसेल तर, जप्तीबाहेर राहतं. जमिनीला तेवढं संरक्षण नाही. शिवाय कर्जातून मुक्तीचा आदेश मिळाला तरी सरकारी देणं राहतंच, आणि जामीन राहिलेला भाऊही सुटत नाही. माझ्या मते सगळ्यात जड बाब हीच. म्हणून कर्ज सावकाराचं असेल तर अर्जाआधी त्याचा परवाना तपासावा: २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार बिनपरवाना सावकाराला न्यायालयातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही.