एका यंत्राचे दोन कारभारी

संगणक विकत घेतला म्हणजे त्यातील विंडोज हाही त्या यंत्राचाच अवयव होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः यंत्र निराळे आणि त्याचा कारभार पाहणारी कार्यप्रणाली निराळी. कारभारी बदलता येतो. इतकेच नव्हे, तर एकाच यंत्रावर दोन कारभारी नेमून त्यांच्याकडून आळीपाळीने काम घेता येते.

ह्या गोष्टीला आज विशेष महत्त्व आले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत तो नसतो. त्यामुळे पेडणे वा डिचोली तालुक्यातील एखाद्या शाळेत किंवा दुकानात दहा वर्षे इमानाने राबलेला संगणक धडधाकट असूनही अडगळीत जाण्याची वेळ येते. तो टाकावा, तर पैसा वाया जातो. तसाच इंटरनेटला जोडावा, तर धोका संभवतो. आणि विंडोज पुसून टाकावे, तर हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर बंद पडते. ह्या पेचावर तोड म्हणजे विंडोजच्या शेजारी लिनक्स बसविणे.

लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिहिला. ही प्रणाली विनामूल्य मिळते. गोव्यालाही ती नवखी नाही. चालू शतकाच्या आरंभी परदेशातून शाळांसाठी आलेल्या वापरलेल्या संगणकांवर लिनक्सचा उपयोग झाला होता. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने सिद्ध केलेल्या ‘बॉस’ ह्या लिनक्स-प्रणालीत मराठी आणि कोंकणी ह्या दोन्ही भाषांची सोय आहे.

दोन प्रणाली एकत्र नांदतात त्या अशा. प्रथम हार्ड डिस्कचे विभाग पाडून प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र कोठार द्यावयाचे. यंत्र सुरू होताच ‘ग्रब’ नावाचा छोटा प्रोग्राम द्वारपालासारखा पुढे येतो आणि कोणाला बोलवावयाचे ते विचारतो. निवड झाली की सर्व सूत्रे त्या एकाच प्रणालीच्या हाती जातात. दुसरी तोवर स्वस्थ निजलेली असते. लिनक्सला विंडोजच्या कोठारातील फायली वाचता येतात. विंडोजला मात्र लिनक्सचे कोठार सहसा उघडता येत नाही.

काम अवघड नाही, पण घाईचेही नाही. आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. त्याने डिस्कला धक्का लागत नाही. मग सर्व कागदपत्रांची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची किल्ली लिहून ठेवावी, आणि विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. विभाग पाडत असताना वीज गेली, तर विद्यार्थ्यांचे निकालपत्रक किंवा दुकानाची वर्षाची खातेवही एका क्षणात नष्ट होऊ शकते. म्हणून पावसाळ्यात, वीज लपंडाव खेळत असताना, यूपीएसवाचून हे काम हाती घेऊ नये.

एक गंमत पुढे अनुभवास येते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. यंत्र बिघडलेले नसते; लिनक्स आतील घड्याळात जागतिक वेळ ठेवतो, विंडोज तीच स्थानिक वेळ मानतो. एका सेटिंगने हा मतभेद मिटतो.

पुढची व्यवस्था सोपी आहे. पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, अभ्यास हे सारे लिनक्सकडे सोपवावे. विंडोज इंटरनेटपासून दूर ठेवून जुन्या हिशेबापुरतेच उघडावे. मग यंत्र निकामी केव्हा झाले, हे दूरची कंपनी ठरवीत नाही. ते ठरविण्याचा अधिकार मालकाकडेच राहतो.