वेरूळची वाट आणि पाण्याची बाटली

दिवाळीची सुट्टी लागली की निलंग्यातली दोन-चार घरं मिळून गाडी ठरवतात आणि वेरूळ-अजिंठ्याला निघतात. लातूर, अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड करत औरंगाबाद गाठायचं म्हणजे जवळपास 300 किलोमीटर. शेगडी, पातेली, चटया, ताडपत्री सोबतच. मुक्काम एखाद्या विहाराच्या आवारात. लेकरांना हे दिवस जन्मभर आठवतात. घरातल्या बाईला मात्र परतल्यावर अनेकदा दवाखान्याची पायरी चढावी लागते. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी वाजून ताप.

कारण साधं आहे. वाटेत लघवीला कुठं जायचं, या काळजीनं बायका पाणीच पीत नाहीत. सकाळी कपभर चहा घेतला की दुपारपर्यंत घोटभर पाणी नाही. पाणी कमी, त्यात लघवी तासन्‌तास दाबून धरलेली. मग मूत्रमार्गात जंतू वाढायला वेळ लागत नाही. गरोदर बाईला आणि साखरेचा आजार असलेल्यांना याचा धोका जास्त. लघवी हळदीसारखी पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजावं.

या वाटेवरच्या पाण्याची एक गोष्ट आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी. 1934 साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळच्या लेण्या पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासानं सगळे धुळीनं माखलेले, म्हणून काहींनी दारालगतच्या हौदावर हातपाय-तोंड धुतलं. एवढ्यावरून हौद बाटवला म्हणून आरडाओरड झाली, गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठंही पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलंय.

आज त्याच रस्त्यावरच्या पेट्रोल पंपांवर पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट देणं पंपचालकांना बंधनकारक आहे. कुलूप असेल तर किल्ली मागा, लाजू नका. गाडी ठरवतानाच दर दोन तासांनी थांबायचं, हे ड्रायव्हरशी बोलून घ्या. आणि हे पुरुषांनी बोलावं. बायकांनी प्रत्येक वेळी ‘दादा, थांबवा’ म्हणायची वेळ का यावी? पाळी चालू असेल तर याच थांब्यावर पॅड बदलता येतं. परतल्यावर जळजळ राहिली तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. तापाबरोबर कंबरेच्या वर पाठ दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

डब्यात भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी न्या. रात्रीचा भात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बांधून ठेवू नका. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या. बीपी-साखरेच्या गोळ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन गाडीत उन्हाला ठेवू नका.

मुक्कामाचा खर्च वाचवायला रात्रभर गाडी चालवायला लावणं मला मुळीच पटत नाही. पहाटे दोन ते पाच ड्रायव्हरचा डोळा लागतोच. उघड्यावर झोपायचं तर मच्छरदाणी लावा, सकाळी अंथरूण आणि चपला झटकून घ्या. विंचू चावला तर मांत्रिक नको, 108 ला फोन करा नाहीतर जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. विंचवाच्या विषावर प्राझोसिन ही गोळी जीव वाचवते, हे जालना जिल्ह्यातून येऊन महाडला स्थायिक झालेल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी दाखवून दिलं.

वेरूळच्या 34 लेण्यांपैकी पहिल्या 12 बौद्ध लेण्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या सकाळी गारव्यात आधी पाहून घ्याव्यात. अजिंठ्याला गाडी अलीकडेच उभी करून बसनं जावं लागतं, पुढं पायऱ्या आहेत. तिथं आग्या मोहोळं असतात, त्यामुळं उग्र अत्तर नको, धूर नको. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. निघायचा वार त्या हिशेबानं धरा.