साहेबांना घेऊन या, मग बोलू

२५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि जवळच्या कामोठ्यात घराचा भाव करायची सोय उरली नाही. मालक आकडा सांगतो, एजंट ‘आता विमानतळ आलं’ म्हणतो आणि विषय संपतो. मध्यंतरी ओळखीतली एक परिचारिका स्वतःच्या पगारावर वन बीएचके बघायला गेली. कर्ज मंजूर, कागद हातात. एजंट म्हणाला, “मॅडम, साहेबांना घेऊन या, मग रेटचं बोलू.” हेच वाक्य इथे २००८मध्येही कानावर पडायचं. मधल्या वर्षांत इथल्या बायकांनी जे कमावलं होतं ते कुठे गेलं, या विचाराने मी अस्वस्थ आहे.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची १९७०ची स्थापना, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं १९८४चं जासईचं आंदोलन, मग त्यांना भूखंड परत देणारी साडेबारा टक्के योजना हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. घर घेणाऱ्या बाईला त्यातलं एवढं पुरे की कामोठ्याचा मोठा भाग या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभा राहिला. भूखंड प्रकल्पग्रस्त कुटुंबाच्या नावे, बांधणारा दुसरा, जमिनीची मालकी सिडकोची. म्हणून त्रिपक्षीय करार बघायचा, आणि मूळ वारसांत बहिणी किती होत्या, त्यांच्या सह्या आहेत का, हेही बघायचं. माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या त्या बहिणींना भूखंडाची किंमत कोणी सांगितली असेल असं मला वाटत नाही.

मला आठवतात ती २००७ ते २०१७ची वर्षं. चेंबूर, गोवंडी, कुर्ल्याच्या भाड्याच्या खोल्यांतून माणसं मानसरोवर आणि खांदेश्वर स्टेशनांच्या आसपास येत होती. रस्ते अर्धवट, पाणी टँकरचं. पण सकाळच्या हार्बर लोकलमधला बायकांचा डबा! बँकेतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या बायका तिथे भाव उघड बोलायच्या. ‘तुमच्या बिल्डिंगमधला शेवटचा फ्लॅट केवढ्याला गेला?’ असं विचारलं की खरा आकडा मिळायचा. सातशे फुटांचा म्हणून विकलेला फ्लॅट आतून टेपने मोजायचा, कार्पेट किती ते लिहून घ्यायचं, ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आल्याशिवाय ताबा घ्यायचा नाही, हे तिथेच शिकवलं जायचं. २०१०मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा त्याचं कात्रण डब्यात हातोहात फिरलं. पार्किंगचे वेगळे पैसे मागणाऱ्यांसमोर ते ठेवलं की आवाज बदलायचा.

सगळ्यात मोठं हत्यार होतं सूची २. त्याच इमारतीतला फ्लॅट कितीला नोंदला गेला हे दुय्यम निबंधकाकडच्या या कागदावर असतं, आणि तो कोणालाही मिळतो. हा कागद पर्समध्ये घेऊन गेलेली बाई घासाघीस करताना चाचरत नाही.

तरी त्या दशकाचा एक हिशेब माझ्या मनात अजून चुकता झालेला नाही. तेव्हा किंमत दोन भागांत ठरायची, चेकची आणि रोखीची. रोखीचं बोलणं पुरुषांत, दार लोटून व्हायचं. ज्या बाईचं नाव करारनाम्यावर, जिचे दागिने मोडले, तिला घर नेमकं केवढ्याला पडलं ते माहीत नसायचं. रोख रकमेची नोंद सूची २मध्येही नसते. पुढे नवराबायकोचं फाटलं की तिने घातलेला पैसा कशाने सिद्ध करायचा? अशा बायकांची रडणी मी ऐकली आहेत. ज्या एजंटांनी ‘वहिनी, तुम्ही चहाचं बघा’ म्हणत त्यांना बैठकीतून उठवलं, त्यांना मी माफ केलेलं नाही.

पुढे कायदे आले. १ मे २०१७पासून महारेरा, म्हणजे बिल्डर-एजंटांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येईना, आणि विक्री कार्पेटवर आली. १ एप्रिल २०२१पासून बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. पन्नास लाखांवर पन्नास हजार वाचतात. पण सोबत अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. म्हणजे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकंच निम्मी. मग भाव करणार कशाच्या जोरावर? ही अट जायला २०२३ उजाडलं. नवऱ्याबरोबर संयुक्त नावाने घेतलं तर सवलत आजही नाही. त्यामुळे पन्नास हजारांसाठी एकट्या बायकोचं नाव लावणारी घरं वाढली, आणि भाव ठरताना तिला विचारायचं कोणाच्या मनात येत नाही. तिला बोलावतात ते फोटो आणि अंगठ्यासाठी, थेट निबंधकाच्या कार्यालयात.

डब्यातलं ते बोलणंही आता मावळलं आहे. आपल्या इमारतीचा भाव पडेल या भीतीने कोणी खरा आकडा सांगत नाही, आणि मोबाइलवर येतात ते एजंटांनी पाठवलेले फोटो. सूची २ आज सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येते, पण नव्याने नोकरीला लागलेल्या कितीतरी मुलींना तिचं नावही ठाऊक नाही.

महारेराने २०२३मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ते बरं झालं. पण ती सक्ती नोंदणीकृत प्रकल्प विकणाऱ्यांना. कामोठ्यातला मोठा व्यवहार जुन्या इमारतींमधल्या रीसेलचा, आणि निव्वळ रीसेल करणाऱ्याला ना नोंदणी लागते ना परीक्षा. तो टोकन घेतो, पावती देतो किंवा देत नाही, आणि बाईशी बोलायचं की नाही हेही तोच ठरवतो. रीसेलच्या एजंटालाही नोंदणी सक्तीची करा, आणि घर जिच्या नावावर होणार तिच्याच नावाची टोकन पावती द्यायला त्याला बांधून घ्या. सवलतीचा एक टक्का तिच्या नावावर देणाऱ्या सरकारकडे माझं हे मागणं आहे.